शिवाजी पार्कातला धावण्याचा वर्ग : वर्षभर फी भरल्यावर

शिवाजी पार्कात पहाटे धावायला शिकवणारे बरेच गट दिसतात. त्यातल्या एका वर्गात मी फेब्रुवारी 2024 मध्ये नाव घातलं आणि 19 जानेवारी 2025 ला टाटा मुंबई मॅरेथॉनमधली हाफ, म्हणजे 21.097 किलोमीटर, 2 तास 51 मिनिटांत पूर्ण केली. तेव्हापासून शाळेतल्या बाया आणि आमच्या इमारतीतल्या दोघी-तिघी विचारतायत, 'वर्ग कसा आहे गं, नाव घालू का?' प्रत्येकीला जिन्यात उभं राहून सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते. वर्गाचं नाव मुद्दाम देत नाही. माझ्या काही तक्रारी आहेत, त्या सरांना समोर बसून सांगून झाल्या आहेत.

मी 46 वर्षांची. नायगावात राहते, पालिकेच्या शाळेत दुपारच्या सत्राला शिकवते. माझी स्वतःची शाळा संपल्यावर, म्हणजे थेट कॉलेजपासून, मी बस पकडण्यापलीकडे धावलेली नव्हते. वर्ग सोमवार, बुधवार, शुक्रवार पहाटे साडेपाचला, आणि रविवारी लांब पल्ला. तीन महिन्यांचे 3,000 रुपये.

या वर्गाची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे सर तुम्हाला धावू देत नाहीत. पहिले तीन आठवडे एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं, बस. पार्काचा कट्टा एक फेरी मारला तर सव्वा किलोमीटरला थोडा कमी भरतो. त्या एका फेरीला मला सुरुवातीला बारा-तेरा मिनिटं लागायची आणि सकाळी फिरायला येणारे आजोबा मला मागे टाकून जायचे. मला फार लाज वाटायची. एकदा मी जोर लावून धावायला लागले, तर सर शेजारी येऊन म्हणाले, "बाई, तुम्ही शाळेतल्या ना? मग धावता धावता एकोणतीसचा पाढा म्हणा. मोठ्यांदा." एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी, एकशे सोळा... एकशे पंचेचाळीसपाशी दम लागला. "पाढा तुटला की वेग जास्त झाला. तुटणार नाही इतकंच धावायचं." वर्षभर मी घड्याळाकडे कमी आणि पाढ्याकडे जास्त लक्ष दिलं. मे महिन्यात, घामाने निथळत असताना, मी पहिल्यांदा पाच फेऱ्या न थांबता पूर्ण केल्या आणि एकोणतीस दाहे दोनशे नव्वद म्हणताना आवाज नेहमीसारखा होता. पार्काजवळच्या उद्यान गणेशाच्या देवळापाशी थांबून मी रडले. सर काही बोलले नाहीत, पाण्याची बाटली पुढे केली.

सर बुटांचे तळवे उलटे करून बघतात, हेही मला आवडलं. माझे जुने कॅनव्हासचे बूट टाचेच्या बाहेरच्या बाजूला पार झिजले होते. 'महागडे घ्या' असं ते म्हणाले नाहीत. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, घालून बघा आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा, एवढंच सांगितलं. पावसाळ्यात बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवायचे, हेही त्यांनीच शिकवलं. दर तासाला बोळा बदलला तर दुसऱ्या दिवशी बूट घालण्याजोगे होतात. पावसाचं कारण सांगून वर्ग बुडवलेला त्यांना चालत नाही. मात्र 8 जुलैच्या सोमवारी, रात्रीपासून सकाळपर्यंत कोसळलेल्या पावसात मुंबईत काही ठिकाणी सहा तासांत 300 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, त्या पहाटे चार वाजताच सरांचा निरोप आला होता, कोणी घराबाहेर पडू नका.

आता तक्रारी.

पहिली, बायकांच्या शरीराबद्दल वर्गात कोणी काही विचारत नाही. जुलैपासून माझा वेग कमी होत गेला. आधी सहज जमणाऱ्या पाच फेऱ्यांत तिसऱ्या फेरीलाच छातीत धडधडायचं, शाळेचा जिना चढताना कठड्याला धरून उभी राहायची. वर्गात उत्तर एकच, "झोप कमी पडतेय, बाई." झोप कमी होतीच, पहाटे चारला उठून डबे करून निघायचं म्हणजे होणारच. पण खरं कारण आमच्या घरच्या डॉक्टरांनी काढलं. हिमोग्लोबिन 10.2, आणि शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन 8, दोन्ही कमी. पाळी जाण्याच्या आधीची चार-पाच वर्षं, अंगावरून जास्त जाणं, त्यात आठवड्याचे चार दिवस घाम. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, लिंबूपाण्यासोबत घ्यायच्या, आणि गोळीच्या आगेमागे चहा नाही, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. मला सकाळचा चहा सोडणं धावण्यापेक्षा अवघड गेलं, खरंच सांगते. ऑक्टोबर संपता संपता पाढा पुन्हा पुरा होऊ लागला. वर्गात निम्म्या बायका चाळिशीच्या पुढच्या आहेत. नाव घालतानाच 'रक्त तपासून घ्या' एवढं एक वाक्य सांगितलं असतं, तर माझे तीन महिने वाचले असते.

दुसरी तक्रार रविवारची. पार्कातून सावरकर मार्गाने प्रभादेवी, सिद्धिविनायकावरून वरळी सी फेस आणि परत, असा आमचा लांब पल्ला. रस्ता सुंदर, पहाटेचा वारा, समुद्र डाव्या-उजव्या हाताला. पण पुरुष कुठेही आडोशाला उभे राहतात, बायकांनी काय करायचं? दोन तास बाहेर असताना उघडं, दिवा असलेलं स्वच्छतागृह कुठे आहे, हे पल्ला आखणाऱ्याने आधी बघायला हवं. कित्येक जणी निघायच्या आधी पाणीच पीत नाहीत, आणि मुंबईच्या दमट हवेत ते धोक्याचं आहे. यावर मी वर्गाच्या मोबाइलवरच्या गटात लिहिलं तेव्हा दोन अंगठे आले आणि विषय पुढे सरकला.

तिसरी तक्रार मला सगळ्यात जास्त लागली. नोव्हेंबरमध्ये सर दोन आठवडे गावी गेले होते. त्यांच्या जागी आलेल्या मुलाने आम्हाला एका रविवारी 13 वरून थेट 18 किलोमीटरला नेलं. मुलगा चांगला, उत्साही, पण त्याला पाढा माहीत नव्हता. मंगळवारी सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला तर उजव्या नडगीतून कळ गेली. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला झोपवलं आणि नडगीच्या हाडाच्या आतल्या कडेवरून अंगठा घोट्यापासून वर, अगदी सावकाश, दाबत नेला. एकाच बिंदूवर बोट ठेवल्यावर जीव गेला तर हाडाला बारीक चीर असायची शंका, म्हणाल्या. माझं दुखणं वीतभर पसरलेलं होतं. मला हायसं वाटलं. तीन आठवडे धावणं बंद. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहून टाचा वर-खाली, सकाळ-संध्याकाळ, आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात.

त्या तीन आठवड्यांत वर्गातून मला एकही फोन आला नाही. रोज सकाळी गटात सगळ्यांचे वेग, नकाशे, फोटो यायचे, आणि मी जिन्यात टाचा उचलत ते बघायची. धावणाऱ्यांसाठी वर्ग उत्तम आहे. न धावू शकणाऱ्यांसाठी तो नाहीसा होतो. सर परत आल्यावर मी हे त्यांना सांगितलं. ते गप्प बसून ऐकत राहिले, मग म्हणाले, "चुकलं. मी विचारायला हवं होतं." दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी त्यांचा निरोप यायचा, 'नडगी?' एवढाच एक शब्द. मला तेवढा पुरला.

शर्यतीबद्दल थोडक्यात. माहीमहून अंधारातच सुटलो, एरवी जिथे पाऊल ठेवता येत नाही त्या सी लिंकवर पायी धावलो. खाली काळं पाणी, पुढे वरळीचे दिवे. पेडर रोडचा चढ येतो तो अर्धं अंतर सरल्यावर, पाय जड झाल्यावर. तिथे इमारतींतली माणसं संत्र्याच्या फोडी आणि बिस्किटं घेऊन उभी होती, एक आजी थाळी वाजवत होत्या. मी चढावर चालले. सरांनीच सांगितलं होतं, चढ चाला, उताराला पाय मोकळे सोडा. मरीन ड्राइव्हला नडगी कुरकुरायला लागली तेव्हा मी पाढा म्हणत राहिले. शेजारून धावणाऱ्या मुलीने विचारलं, काकू, काय म्हणताय? मग चर्चगेटपर्यंत आम्ही दोघींनी मिळून म्हटला.

एप्रिलच्या तिमाहीचे पैसे मी भरले आहेत. नाव घालण्याच्या अर्जात आता हिमोग्लोबिनची ओळ आली आहे. पार्क ते वरळी या वाटेवर पहाटे उघडी असणारी स्वच्छतागृहं मी आणि वर्गातल्या दोघींनी एका शनिवारी चालत जाऊन शोधली, यादी गटात टाकली आहे. बदली शिक्षकाचा प्रश्न मात्र तसाच आहे, म्हणून सर गावी गेले असतील तेव्हा लांब पल्ला स्वतःच्या हिशोबाने करा. पहिले दोन दिवस पैसे घेत नाहीत. नायगावातून येणार असाल तर मला आदल्या रात्री सांगा, मी पाच वाजता खाली उभी असते.