थंडीत ऑटोमॅटिक गिअर घसरतोय: चेंबर उघडून ऑइल बदलायचं की मशीनने फ्लश?

निफाडकडे पारा ५-६ अंशांवर आला की सकाळी ‘डी’ (ड्राइव्ह) टाकूनही गाडी उचलत नाही, नुसता आरपीएम चढतो. आधी कंपनीने सांगितलेल्या तापमानाला गिअरबॉक्स ऑइलची पातळी बघा. कमी असेल तर पंप हवा ओढतो, दाब पडतो.

टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (ऑइलच्या जोरावर इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देणाऱ्या) गाडीत चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सखालचा ऑइलचा पॅन, उघडून साधारण ३-४ लिटरच बदलतं. पण फिल्टर नवा बसतो, चेंबरमधल्या मॅग्नेटवरचा धातूचा चुरा डोळ्यांनी दिसतो. खरं निदान तिथेच. फ्लशमध्ये जवळपास सगळं ऑइल बदलतं, खर्च जास्त, फिल्टर बहुधा जुनाच.

ऑइल वेळेवर बदललेल्या गाडीला फ्लश चालेल. लाखभर किलोमीटर हात न लावलेल्या गाडीचं चेंबरच उघडा. गरम झाल्यावर घसरणं थांबत असेल, तर गिअरबॉक्समधल्या कडक झालेल्या रबरी सीलचा संशय घ्या. तिथे दोन्ही उपाय तोकडे.