चोवीस तासांची मावशी की पाळणाघर : मुलुंडमधला आमचा दीड वर्षाचा अनुभव

माझी लेक नुकतीच दोन वर्षांची झाली. बाळंतपणाच्या रजेचे 26 आठवडे संपले तेव्हा पहिले पाच महिने आमच्याकडे एजन्सीकडून आलेली चोवीस तासांची मावशी होती. त्यानंतर आजपर्यंत पाळणाघर. सासूबाई सांगलीला असतात, माझ्या आईला गुडघ्यांमुळे आमचे तीन जिने चढवत नाहीत. माझं ऑफिस फोर्टला, नवऱ्याचं ऐरोलीला. सकाळी सव्वाआठची फास्ट लोकल पकडते ती घरी यायला संध्याकाळचे साडेसात होतात.

50 किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात तिथे पाळणाघराची सोय हवी, असं 2017 पासून कायद्यातच आहे. पण सहा महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन सकाळच्या गर्दीत लेडीज डब्यात चढायचं कसं? त्यामुळे माझ्यासाठी तो मार्ग बंदच होता.

आधी एजन्सीबद्दल. मावशींचा पगार महिना 20 हजार, एजन्सीचं कमिशन एका महिन्याच्या पगाराएवढं, करार अकरा महिन्यांचा. बाई सोडून गेली तर दोन दिवसांत दुसरी देऊ, असं कागदावर लिहिलेलं. पोलीस ठाण्यात नोंद करायचं एजन्सी ‘होईल, होईल’ म्हणत राहिली. शेवटी फोटो आणि आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन आम्हीच गेलो.

मावशी स्वतः मात्र फार चांगल्या होत्या. जालन्याकडच्या. लेकीला पायांवर घेऊन मालिश करायच्या तेव्हा ती हसायची. वरणभात बोटांनी इतका मऊ घोटायच्या की एकही शीत सापडायचं नाही. पहिला दात त्यांनाच दिसला. एजन्सीवरचा राग मी त्यांच्यावर काढणार नाही.

आम्ही हॉलमध्ये कॅमेरा लावला होता. एकदा दुपारी दोनला ऑफिसातून मोबाइलवर बघितलं, तर लेक गादीवर खेळतेय आणि मावशी भिंतीला टेकून बसल्याबसल्या झोपलेल्या. लेक सरकत सरकत गादीच्या कडेला येत होती. मी फोन लावला, त्या दचकून उठल्या. मी खूप बोलले त्यांना. रात्री घरी आल्यावर आठवलं, आदल्या रात्री लेक तीन वाजेपर्यंत रडत होती आणि तिला खांद्यावर घेऊन याच मावशी येरझाऱ्या घालत होत्या. मला सकाळची गाडी गाठायची म्हणून मी झोपले होते. आमचं घर वन बीएचके. मावशींची गादी स्वयंपाकघरात, फ्रीज आणि ओट्याच्या मधे. दार लावून पडायला त्यांना जागा नाही, महिन्याला सुट्ट्या दोन. एकटं माणूस दिवसरात्र तान्हं मूल सांभाळू शकत नाही. आईला जमत नाही, तर पगार देऊन दुसऱ्या बाईकडून कसं जमवून घ्यायचं? मी दुसऱ्या दिवशी त्यांची माफी मागितली.

पाचव्या महिन्यात त्यांना गावाहून फोन आला. ‘ताई, माझी पोरगी तापानं फणफणलीय, मला जावं लागतंय.’ दोन तासांत त्या निघाल्या. जायलाच हवं होतं त्यांनी. एजन्सीने मात्र दोन दिवसांचे सतरा दिवस केले, आणि शेवटी पाठवलेल्या मुलीने तान्हं बाळ कधी उचललेलंच नव्हतं. कमिशन परत मिळालं नाही. माझी सगळी रजा त्यात गेली.

मग पाळणाघरं बघायला लागले. चार बघितली. जे निवडलं ते मुलुंड पूर्वेला, तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आहे. चालवणाऱ्या काकू पूर्वी बालवाडीत शिकवायच्या. मुलं बारा, सांभाळायला त्या धरून चौघी. मी मुद्दाम न सांगता दुपारी चारला गेले. खिडक्यांना जाळ्या, खालच्या प्लगांना झाकणं, हे इतरत्रही होतं. इथे मी बाथरूममध्ये डोकावले, तर सगळ्या बादल्या रिकाम्या आणि उपड्या. पाणी सकाळीच येतं म्हणून आपण घरोघर बादल्या भरून ठेवतो, आणि रांगणारं मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं. काकू म्हणाल्या, ‘पाणी वरच्या टाकीत साठवतो, खाली थेंब ठेवत नाही.’ तिथेच माझं ठरलं.

फी महिना 9 हजार, साडेसातनंतर दर अर्ध्या तासाला 100 रुपये. डबा आपला. प्रत्येक मुलाची एक वही: किती वाजता खाल्लं, किती झोपलं, शी कशी झाली. एक ताई दमली की दुसरी मूल घेते, मला सगळ्यात जास्त किंमत वाटते ती याची.

त्रासही सांगते. पहिले दोन महिने लेकीचं नाक सतत वाहत होतं. पावसाळ्यात तोंडाला, हातापायांना फोड येणारा तो आजार झाला. ताप उतरून चोवीस तास झाल्याशिवाय काकू मूल घेत नाहीत. नियम योग्यच आहे, पण त्या दिवशी घरी कोण थांबणार यावरून नवराबायकोत वाद होतात. आता आम्ही आळीपाळीने रजा घेतो. मावशी घरात असताना हा प्रश्न आला नव्हता. मूल वारंवार आजारी पडणारं असेल, किंवा तुमची रात्रपाळी असेल, तर घरातच कुणीतरी हवं. पण मग तिला झोपायला नीट जागा आणि आठवड्याची सुट्टी द्या.

गेल्या पावसाळ्यात कुर्ला-शीवमध्ये रुळांवर पाणी भरलं आणि मी दादरला अडकले. नवराही ऐरोलीहून निघू शकला नाही. काकूंचा मेसेज आला, ‘खिचडी खाऊन झोपलीय, घाई करू नका.’ मी पोचले तेव्हा पावणेदहा झाले होते. काकूंनी दार हळूच उघडलं. लेक त्यांच्याच जुन्या सुती साडीच्या दुपट्यात गाढ झोपली होती. जादा वेळेचे पैसे काढले तर त्यांनी माझी मूठ मिटवली आणि आधी चहा पुढे केला.