‘९६ टक्के बीज खराब’ म्हणणाऱ्यापासून सावध

वीर्य तपासणीच्या रिपोर्टात ‘नॉर्मल आकाराचे शुक्राणू ४ टक्के’ अशी ओळ असते. ठगांचा धंदा याच ओळीवर चालतो. आकड्याभोवती लाल पेनाने गोल काढायचा आणि म्हणायचं, “९६ टक्के बीज खराब.” जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांत ४ टक्के हीच नॉर्मलची खालची मर्यादा आहे, हे समोरच्याला कोण सांगणार? मिलिलिटरला १.६ कोटी शुक्राणू आणि ४२ टक्के हालचाल, याही तशाच मर्यादा.

पुढचा प्रश्न ठरलेला: “संबंधाच्या वेळी ताकद कमी पडते का?” बरेच जण मान खाली घालून हो म्हणतात. कारण मूल व्हावं म्हणून ‘याच तारखांना जवळ या’ असं सांगितल्यापासून पलंगावरही कॅलेंडर येतं, बाहेर आई ‘काही बातमी?’ विचारत असते, आणि ऐनवेळी ताठरता जाते. हा बहुतेकदा धास्तीचा परिणाम. शुक्राणू कमी असले म्हणून ताठरता जात नाही. पण ठग दोन्हींची मोट बांधून पॅकेज विकतो.

पॅकेजात बिननावाच्या पुड्या असतात, भाव ग्रॅमवर. ‘शुद्ध जडीबुटी’ तासाभरात गुण देत असेल, तर तिच्यात सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) मिसळलं असण्याची शंका घ्या. हृदयासाठी सॉर्बिट्रेट घेणाऱ्याचा रक्तदाब त्याने जीवघेणा कोसळू शकतो.

त्याहून वाईट ‘ताकदीचं’ इंजेक्शन. ॲम्प्यूलवर टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) लिहिलेलं असेल तर नको म्हणा. काही आठवडे हुरूप येतो, इच्छा वाढते, गिऱ्हाईक खूश. इकडे मेंदूला वाटतं हार्मोन भरपूर आहे. तो वृषणांना आदेश देणारे एलएच आणि एफएसएच हे हार्मोन थांबवतो आणि शुक्राणू थेट शून्यावर येऊ शकतात. इंजेक्शन बंद केल्यावर ते परतायला कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं. तो शून्याचा रिपोर्ट दाखवून दुसरा कोर्स गळ्यात मारतात, ही तर कमालच!

तपासणी आधी नीट करा. २ ते ७ दिवस संयम, नमुना तासाभरात लॅबमध्ये, खिशात अंगाच्या उबेत. पहिले थेंब सांडले असतील तर तसं सांगा. सर्वाधिक शुक्राणू त्यांतच असतात. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, त्यामुळे मागच्या महिन्यातला तापही आकडा पाडतो. एका रिपोर्टवर निकाल नको.

पैसे गेलेच असतील, तर पुड्या फेकू नका. पाकीट, बिल, यूपीआयची पावती एकत्र ठेवून अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्या. नपुंसकत्व घालवण्याच्या औषधाची जाहिरात करणं १९५४ च्या औषधे व जादूई उपाय कायद्याने गुन्हा आहे. भिंतीवरच्या जाहिरातीचा फोटोही जोडा.