किनाऱ्याकिनाऱ्याने सात रात्री : एका बोगदा-तंबूचा अनुभव

समुद्राच्या कडेकडेने मोटारीने जायचे आणि प्रत्येक मुक्कामी आपलाच तंबू ठोकून राहायचे, हा आमच्या घरचा दोन वर्षांचा बेत यंदा तडीस गेला. आठ दिवस, सात रात्री, पाच तळ आणि माणसेही पाच : मी, माझा नवरा, ११ वर्षांची मुलगी, ६ वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांची माझी आई. त्यासाठी मुद्दाम घेतलेल्या तंबूविषयी हे सविस्तर लिहीत आहे, कारण खरेदीपूर्वी मी जेवढे अभिप्राय वाचले त्यांत बहुतेकांनी तो हिरवळीवर उभा करून पाहिला होता. वाळूत, खाऱ्या वाऱ्यात आणि रोज सकाळी आवरून पुढे निघण्याच्या घाईत तो कसा वागतो, हे मला कुठेच वाचायला मिळाले नाही.

तंबू सहा माणसांसाठीचा, दुहेरी कापडाचा आणि बोगद्याच्या आकाराचा आहे. तीन कमानी, मधोमध २ मीटर उंची, वजन १३ किलो. गुंडाळल्यावर तो ७० सेंटिमीटर लांबीच्या पिशवीत बसतो आणि ती पिशवी मोटारीच्या डिकीत आडवी मावते. बाहेरचे कापड पॉलिएस्टरचे असून त्याची जलरोधकता ३००० मिलिमीटर आणि तळाच्या कापडाची ५००० मिलिमीटर लिहिलेली आहे. हा आकडा म्हणजे कापडावर उभ्या केलेल्या पाण्याच्या स्तंभाची उंची; ३००० मिलिमीटर म्हणजे ३ मीटर उंचीच्या पाण्याचा दाब येईपर्यंत कापड पाझरत नाही. तळाला जास्त आकडा लागतो, कारण तिथे आपण गुडघे टेकतो आणि तेवढ्याच जागी सगळा भार येतो. ‘सहा माणसांचा’ हे शब्द मात्र जपून वाचावेत. ती मोजणी माणसे खांद्याला खांदा लावून झोपली आहेत असे धरून केलेली असते. सामानाचा त्यात विचार नसतो. आम्हा पाच जणांना, त्यांतली दोन मुले असूनही, तो बेताचाच झाला.

पावसाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तिसऱ्या तळावर रात्री तीन तास पाऊस झाला आणि आत एक थेंबही आला नाही. दुकानात ज्या आकड्याची सर्वांत जास्त चर्चा होते, तो आकडा आमच्या प्रवासात सर्वांत कमी महत्त्वाचा ठरला.

खरी परीक्षा झाली ती मेखांची. घुमटाच्या आकाराचा तंबू एकमेकींना छेदणाऱ्या काठ्यांच्या जोरावर मेखांशिवायही उभा राहतो. बोगद्याचे तसे नाही. त्याच्या कमानी एकामागे एक समांतर असतात आणि त्यांना ताणून धरतात ते दोन्ही टोकांचे तणावे. तणावा सुटला की कमान कलते आणि कमान कलली की सगळा तंबू लोळण घेतो. म्हणजे बोगदा-तंबू जेवढा कापडाचा आणि काठ्यांचा, तेवढाच मेखांचा असतो. असे असताना या तंबूसोबत मिळालेल्या मेखा निव्वळ शोभेच्या होत्या : बोरूएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या गोल सळया. पहिल्या दोन तळांवर जमीन घट्ट होती, तिथे त्यांनी काम भागवले आणि २५ मिनिटांत तंबू उभा राहिला. तिसरा तळ कोरड्या वाळूवर होता. तिथे मेख ठोकायचीही गरज नव्हती. अंगठ्याने दाबली की आत जाई आणि तितक्याच सहज दोन बोटांनी बाहेर येई.

सुदैवाने आम्ही निघताना रुंद पानाच्या, इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या घडणीच्या, हातभर लांबीच्या आठ मेखा वेगळ्या घेतल्या होत्या. त्या समुद्राच्या बाजूला लावल्या, कारण संध्याकाळभर वारा तिकडूनच येत होता. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा आत येते. रात्री जमीन लवकर निवते आणि हा क्रम उलटतो. तंबूचे निमुळते टोक समुद्राकडे करून आम्ही निर्धास्त झोपलो. मध्यरात्रीनंतर पावसाची सर घेऊन जो वारा आला तो ना समुद्राकडून होता ना जमिनीकडून. तो किनाऱ्याला समांतर आला आणि तंबूच्या रुंद कुशीवर आदळला. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, हे पुस्तकात वाचलेले वाक्य त्या रात्री मला अंगावर कळले. मधली कमान आत इतकी वाकली की आईच्या अंथरुणापासून कापड टीचभर अंतरावर आले. नवऱ्याने आतून दोन्ही हातांनी कमान पेलून धरली. मी बॅटरी घेऊन बाहेर आले तेव्हा त्या कुशीच्या चार मेखांपैकी तीन उपटून तणाव्यांच्या टोकाला फडफडत होत्या.

त्यानंतर जे केले ते आधीच करायला हवे होते. कापडी पिशव्यांत वाळू भरली, पिशवीच्या गळ्याला तणावा बांधला, कोपरापर्यंत हात जाईल एवढा खड्डा करून ती ओढीला आडवी ठेवली, वरून वाळू लोटली आणि पायाने चेपली. अशा तीन पिशव्या पुरायला अर्धा तास लागला. पुढचे दोन तास वारा तसाच होता, पण एकही पिशवी तसूभर हलली नाही. मेखेपेक्षा पुरलेली पिशवी इतकी पक्की का, याचे उत्तर सरळ आहे : मेखेला धरून ठेवते ती तिच्या भोवतालची मूठभर वाळू, आणि पिशवीला धरून ठेवतो तिच्यावरचा आणि पुढचा वाळूचा सगळा थर. किनाऱ्यावर जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने अशा दहा-बारा पिशव्या सोबत ठेवाव्यात, असे मी अगदी आग्रहाने सांगते. तंबू बनवणाऱ्यांनीच त्या द्यायला हव्यात; त्यांचे वजनही होत नाही.

त्याच रात्री टोकाच्या कमानीचा एक तुकडा उभा चिरला. काठ्या फायबरग्लासच्या आहेत आणि हे साहित्य वाकते वाकते आणि एकदम फाटते. ॲल्युमिनियमची काठी वाकडी होते, पण बहुधा हातातून जात नाही. सोबत दिलेली धातूची नळी चिरेवर सरकवून दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी गुंडाळली आणि उरलेल्या रात्री निभावल्या. ही नळी सोबत दिल्याबद्दल मी निर्मात्यांचे मनापासून आभार मानते.

आता दवाविषयी, कारण मोटारीने मुक्काम बदलत जाणाऱ्यांना पावसापेक्षा त्याचाच त्रास अधिक होतो. निरभ्र रात्री तंबूचे बाहेरचे कापड आकाशाकडे उष्णता टाकून भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. समुद्राकाठची हवा आधीच दमट, त्यात पाच माणसांचा श्वास. पहाटे बाहेरच्या कापडाच्या आतल्या अंगाला थेंबांची नक्षी उमटलेली असे. आतले कापड त्यापासून थोडे दूर टांगलेले असल्यामुळे अंथरुणे कोरडी राहिली, ही या तंबूची मोठी जमेची बाजू आहे. मुलाचे पाय मात्र झोपेत मागच्या भिंतीला लागत आणि दोन कापडे तिथे एकमेकांना चिकटून त्याच्या पांघरुणाचे टोक ओले होई. दोन्ही टोकांना खालच्या अंगाला झरोके आहेत; थंडी वाजेल म्हणून पहिल्या रात्री ते आम्ही बंद ठेवले आणि सकाळी पस्तावलो. दुसऱ्या रात्रीपासून उघडे ठेवल्यावर थेंब निम्म्याहून कमी झाले.

तरीही कापड रोज ओलेच असे, आणि ते उन्हात पसरूनही चिकट लागे. याचे कारण मीठ. हवेतील सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेऊन स्वतःच विरघळू लागते. म्हणजे मिठाचा थर बसलेला तंबू दमट हवेत वाळतच नाही. गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने आधी पुसायचे आणि मग पसरायचे, हा क्रम आम्हाला चौथ्या तळावर उमगला. त्या दिवसापासून तंबू २० मिनिटांत गुंडाळण्याजोगा होऊ लागला. ओलाच गुंडाळून घरी तसाच ठेवून दिला तर कापडाचा आतला लेप कालांतराने चिकट होऊन सुटू लागतो, म्हणून घरी आल्यावरही आम्ही तो धुऊन दोन दिवस गच्चीवर पसरला होता.

सर्वांत मोठा दोष दाराच्या चेनमध्ये निघाला. सहाव्या दिवशी पहाटे मुलगी बाहेर जायला उठली आणि चेन अर्ध्यावर अडली. तिने ओढली, मी ओढली. रनर पुढे सरकला, पण त्याच्या मागचे दात मिटलेच नाहीत. बॅटरीच्या उजेडात पाहिले तेव्हा रनरच्या फटीत वाळूचे दोन कण आणि पांढरी पूड दिसली, आणि त्याच्या धातूवर खड्डे पडले होते. चेनचे दात नायलॉनचे असल्याने त्यांना गंज चढत नाही. झिजतो आणि गंजतो तो रनर. जुन्या दात घासायच्या ब्रशने ती फट झाडली, तेव्हा चेन कशीबशी मिटली. शेवटच्या दोन रात्री ते दार आम्ही आतून दोरीने बांधून घेतले. जे तंबू समुद्रकाठच्या कुटुंबांचे म्हणून विकले जातात, त्यांना गंज न धरणारा, थोडा मोठा रनर बसवणे अजिबात अवघड नाही.

आईच्या दृष्टीने दोन गोष्टी सांगते. आत सरळ उभे राहता येते, त्यामुळे कपडे बदलायला किंवा उठायला तिला कोणाचा हात धरावा लागला नाही. पण दाराच्या उंबऱ्याची कापडी पट्टी १२ सेंटिमीटर उभी राहते आणि अंधारात ती तिच्या पायाला दोनदा अडकली. पट्टी खाली दाबून ठेवणारी कडी आहे. रात्री ती लावूनच ठेवावी. झोपायच्या खोलीचे कापड गडद आहे, त्यामुळे मुले सकाळी सातपर्यंत शांत झोपली, जे उघड्या किनाऱ्यावर सोपे नाही.

माहितीपत्रकातील एका चित्राबद्दल मात्र माझी गंभीर तक्रार आहे. त्यात तंबूच्या ओसरीत पेटती शेगडी दाखवली आहे. बंद किंवा अर्धवट बंद तंबूत काहीही जळत असेल तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचू शकतो. त्याला वास नसतो, रंग नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो कळत नाही. मुले असलेल्या घरांत असे चित्र जाऊ नये, हे मी निर्मात्यांना लेखी कळवले आहे. त्याचे उत्तर अजून आले नाही.

चेनबद्दलच्या तक्रारीला मात्र उत्तर आले : खारी हवा आणि वाळू यांमुळे झालेली झीज हमीत बसत नाही. ज्या तंबूच्या पिशवीवरच लाटांचे चित्र छापले आहे, त्याच्या बाबतीत हे उत्तर मला मान्य नाही आणि मी तक्रार पुढे नेली आहे. दरम्यान चेन दुरुस्त करणाऱ्या कारागिराने दोन्ही दारांचे रनर पाव तासात बदलून दिले आणि फाटलेल्या कमानीचा तुकडाही सुटा मिळाला. पुढच्या वेळी आम्ही हाच तंबू नेऊ. फरक एवढाच की सोबतच्या गोल मेखा घरी राहतील आणि त्यांच्या जागी पिशवीत रुंद मेखा, बारा कापडी पिशव्या, एक ब्रश आणि दोन फडकी असतील.