प्लिकर्स: काही महिने वर्गात वापरल्यानंतर

शाळेत टॅब नाहीत, संगणक कक्षातले चालू संगणक मोजकेच आणि मुलांच्या हातात मोबाइल द्यायचा प्रश्नच नाही. अशा वर्गासाठी फुकट मिळणाऱ्या साधनांत प्लिकर्सच्या, म्हणजे छापील कार्डं फोननं वाचून मुलांची उत्तरं नोंदवणाऱ्या ॲपच्या, जवळपास जाणारं दुसरं काही सापडलेलं नाही. प्रश्नमंजूषेसाठी कहूट आणि गूगल फॉर्म चांगले आहेत, पण दोन्हींत उत्तर देणाऱ्याकडे फोन किंवा संगणक लागतो. इथे मुलांकडे फक्त छापील कार्ड असतं. कार्डाच्या चार कडांना ए, बी, सी, डी अशी बारीक अक्षरं असतात. मूल आपल्या उत्तराची कड वर धरतं, शिक्षक फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो आणि कोणी काय उत्तर दिलं ते नावासकट फोनवर दिसतं. प्रत्येक कार्डावरचा काळा आकार वेगळा असल्यामुळे शेजाऱ्याचं बघून आपलं कार्ड फिरवता येत नाही.

निम्म्याहून जास्त यश कार्डांवर अवलंबून आहे, म्हणून त्याबद्दल नीट सांगतो. कार्डांची पीडीएफ प्लिकर्सच्या साइटवर फुकट मिळते. साधा संच ४० कार्डांचा आणि मोठा ६३ कार्डांचा, दोन्हींत एका पानावर दोन कार्डं. पट चाळिसाच्या आत असला तरी ६३ चाच संच छापा. मध्येच प्रवेश होतात, कधी दोन तुकड्या एकत्र बसवाव्या लागतात. तोच संच सगळ्या वर्गांना चालतो, कारण कार्डावर नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. छपाई गडद काळी हवी. टोनर संपत आला असेल तर करडा आकार लांबून वाचला जात नाही. नुसता कागद लगेच वाकतो आणि वाकलेलं कार्डही कॅमेरा सोडून देतो, तेव्हा मागे पुठ्ठा चिकटवा. लॅमिनेशन करायचंच असेल तर मॅट करा. चकचकीत प्लास्टिकवर खिडकीचा उजेड पडला की काळा भाग कॅमेऱ्याला पांढरा दिसतो. आणि कापताना आकाराभोवतीची पांढरी कड राखा, ती असली तरच आकार ओळखला जातो.

मराठी माध्यमात एक काम हातानं करावं लागतं. मुलांना पर्याय अ, ब, क, ड असे माहीत असतात. शिवाय कार्ड शिक्षकाकडे तोंड करून धरलं की मुलाला त्याची पाठच दिसते. म्हणून पाठीमागे चारही कडांना पेन्सिलीनं लहान अक्षरात अ, ब, क, ड लिहा. लिहिताना प्रत्येक कड उलटून पाहा. समोरून उजवीकडे असलेली कड मागून डावीकडे येते, त्यामुळे अंदाजानं लिहिलं तर ब आणि ड यांची अदलाबदल होते आणि पूर्ण वर्गाची उत्तरं चुकीची नोंदली जातात.

साइटवर वर्ग तयार करताना नावांची यादी एका ओळीत एक अशी चिकटवता येते. पूर्ण नाव देऊ नका. हजेरी क्रमांक आणि पहिलं नाव पुरतं, मुलांची जास्त माहिती बाहेरच्या साइटवर ठेवायचं कारण नाही. प्रश्न युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉण्टमधली प्रश्नपत्रिका जशीच्या तशी चिकटवली तर अगम्य चिन्हं उमटतात. उभा अपूर्णांक टाइप करणं जमत नसेल तर तो कागदावर लिहून फोटो जोडावा.

स्कॅन करताना खिडकीकडे पाठ करून उभे राहा. खिडकी मुलांच्या मागे आली की कॅमेरा चित्र काळवंडून टाकतो. फोन आडवा धरा, सावकाश फिरवा. मुलं खाली पट्ट्यांवर बसत असतील तर पुढच्यांची कार्डं मागच्यांना झाकतात, तेव्हा रांगेरांगेनं कार्डं वर करायला सांगा. नावं राहत असतील तर बहुतेक वेळा बोटं काळ्या भागावर आलेली असतात किंवा कार्ड तिरकं धरलेलं असतं. पहिल्या दिवशी अभ्यासाचा प्रश्न विचारूच नका. "सगळ्यांनी ब दाखवा," मग "ड दाखवा," एवढंच करा. उत्तर बदललं तर पुन्हा स्कॅन केल्यावर नवं उत्तर नोंदलं जातं.

आता खरी गोष्ट प्रश्नांची. दशांश अपूर्णांक शिकवताना विचारलं, सर्वांत मोठी संख्या कोणती: ०.५, ०.४५, ०.४०५, ०.०५४? दशांश चिन्हाकडे दुर्लक्ष करून ४०५ वाचणारी मुलं तिसरा पर्याय धरतात आणि लगेच कळतात. पण "अंक कमी तर संख्या मोठी" असा समज असलेलं मूल इथे बरोबर ठरतं! म्हणून लगेच दुसरा प्रश्न हवा: ०.३, ०.३७, ०.३०९, ०.०७३. आता ते मूल ०.३ धरतं आणि सापडतं. हात वर करायला सांगून हे कधीच दिसत नाही, कारण हुशार मुलाचा हात वर गेला की बाकीचे त्यामागोमाग जातात. चुकीचे पर्याय असे विचारपूर्वक बेतले नाहीत तर प्लिकर्स फक्त टक्के दाखवेल, शिकवायला काही देणार नाही.

फुकट खात्यात एका प्रश्नसंचात ५ च प्रश्न बसतात, पण असे संच कितीही करता येतात. "दशांश १", "दशांश २" असे करून रांगेत लावा. एका तासाला पाच प्रश्न भरपूर आहेत, प्रत्येकानंतर चर्चा करायची तर तेवढेही संपत नाहीत. प्रोजेक्टर नसला तरी अडत नाही, प्रश्न फळ्यावर लिहिला की झालं. नेट मात्र लागतं. प्रश्नसंच शाळेत निघण्याआधी घरीच बनवून ठेवा.

गुण देण्यासाठी हे वापरू नये असं माझं ठाम मत आहे. गुण लागले की मुलं कार्ड वर करायला घाबरतात आणि खरं उत्तर लपवतात. कोणाचं चुकलं ते फोनवर आपल्यालाच दिसू दे, वर्गात नावं वाचू नका. मराठीतला निबंध, पाढ्यांचं तोंडी पाठांतर, गणिताच्या पायऱ्या यांना ते उपयोगाचं नाही, त्यासाठी वहीच तपासावी लागते. विज्ञान, परिसर अभ्यास, व्याकरण आणि गणितातल्या संकल्पना यांसाठी मी ते सुरूच ठेवणार आहे.