मार्कुला सेंटरची नैतिक निर्णयाची चौकट: चष्मे नंतर, आधी माहिती

कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा विद्यापीठाच्या मार्कुला सेंटर फॉर अप्लाइड एथिक्सची ही चौकट त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळते. पायऱ्या पाच: नैतिक प्रश्न ओळखा, माहिती मिळवा, पर्याय तपासा, एक निवडून पारखा, अंमलात आणा आणि परिणामांतून शिका. पर्याय तपासायला सहा चष्मे, म्हणजे बघायचे सहा दृष्टिकोन, दिलेत: हक्क, न्याय, उपयुक्तता, सार्वजनिक हित, सद्गुण आणि आस्था.

बहुतेक जण थेट चष्म्यांवर उडी मारतात, आणि गाडी तिथेच अडते. खरी कमाई दुसऱ्या पायरीत आहे, कारण माहितीबरोबर पर्यायही तिथेच शोधायचे असतात. समजा, मित्राने नोकरीच्या अर्जात रेफरन्स म्हणून तुमचं नाव दिलंय. माणूस हुशार, पण मुदत पाळत नाही. डोक्यात दोनच वाटा दिसतात: खरं बोला किंवा मैत्री जपा. कागदावर लिहायला बसलात की आणखी दोन सापडतात. ‘मुदतीबद्दल विचारलं तर खरं सांगेन, चालेल का?’ असं त्यालाच आधी विचारता येतं. नाहीतर दुसऱ्या कोणाचं नाव दे, असंही सांगता येतं. पेच निम्मा इथेच सुटतो.

मग चष्मे. हक्काचा चष्मा विचारतो, नोकरी देणाऱ्याला अंधारात ठेवणं योग्य का? न्यायाच्या चष्म्यातून इतर उमेदवार दिसतात, जे तोवर कोणाच्या ध्यानातही नसतात. उपयुक्ततेची बेरीज करताना मित्राचा पगार चटकन मोजला जातो, उशिरा आलेलं काम निस्तरणारे सहकारी मात्र सुटतात. सद्गुणाचा चष्मा सगळ्यात निसरडा: प्रामाणिकपणा हा सद्गुण, निष्ठाही सद्गुणच! आस्थेचा चष्मा मित्राची गरज समोर ठेवतो, आणि तीही खरी असते.

चष्म्यांची उत्तरं जुळली नाहीत तर कोणाचं ऐकायचं, याचं सूत्र चौकटीत नाही. ही मोठी उणीव. मतं मोजून ‘पाच विरुद्ध एक’ असा निकाल लावू नका. तो एक विरोध एखाद्याची फसवणूक होण्याचा असेल तर बाकी पाचांनी तो झाकला जात नाही. दुसरा धोका म्हणजे आधी ठरवायचं आणि मग सोयीचा चष्मा शोधायचा. त्यावर उपाय साधा: मनातला पर्याय आधीच लिहून ठेवा आणि त्याला सर्वांत जास्त विरोध करेल त्या चष्म्यापासून सुरुवात करा.

वेळच नसेल तर चौथ्या पायरीतली एकच कसोटी वापरा: ज्याला मी मानतो त्या माणसाला किंवा चारचौघांत हा निर्णय सांगितला, तर ते काय म्हणतील? दुकानदाराने चुकून जास्त दिलेले सुटे पैसे परत करायला मात्र एवढीही गरज नाही.

पाचवी पायरी सर्रास गाळली जाते. रेफरन्सच्या बाबतीत मित्राला नोकरी लागली का, एवढंच बघून भागत नाही. नेमका कोणता प्रश्न आला, काय उत्तर दिलं, मित्राला ते आधीपासून माहीत होतं का, या तीन ओळी त्याच दिवशी लिहून ठेवा. महिनाभराने आठवणीत आपलं उत्तर होतं त्यापेक्षा जास्त सरळ वाटू लागतं.