लाइट्झ एल्मार ५० मिमी एफ/३.५ : डिजिटल रेंजफाइंडरवर नळी बाहेरच राहू द्यावी

गेली तीन वर्षे मी युद्धोत्तर काळातील, कोटिंग असलेली लाइट्झ (म्हणजे लायका कॅमेरे बनवणारी जर्मन कंपनी) एल्मार ५० मिमी एफ/३.५ ही लेन्स लायका एम टाइप २४० या डिजिटल रेंजफाइंडर कॅमेऱ्यावर, म्हणजे लेन्सशी जोडलेल्या अंतरमापकातून पाहून फोकस करायच्या कॅमेऱ्यावर, वापरत आहे. मुंबईच्या फोर्ट भागातील एका जुन्या विक्रेत्याकडून ती मी घेतली, तेव्हा तिच्या आतील काचेवर धूसर थर होता आणि फोकसची चकती पावसाळ्यातील दाराच्या कडीसारखी अडकत होती. पुण्यातील एका कारागिराने ती उघडून साफ केली आणि नवे ग्रीस भरले, त्यानंतरच मी तिच्याविषयी मत बनवू लागलो. हे परीक्षण त्या लेन्सचे आहे. परंतु त्याहून अधिक ते एका प्रश्नाचे आहे, जो अशी लेन्स डिजिटल कॅमेऱ्यावर लावणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी स्वतःला विचारायला हवा : हिची नळी आत ढकलली, तर ती नेमकी कुठे जाते?

एल्मारची रचना समजून घेतली की या प्रश्नाचे गांभीर्य कळते. १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत लायका कॅमेरा लोकांसमोर आला, तेव्हा तो कोटाच्या खिशात मावावा हा त्यामागील मुख्य विचार होता, आणि म्हणूनच माक्स बेरेक यांनी आखलेली ही चार काचांची लेन्स एका सरकत्या नळीत बसवण्यात आली. छायाचित्र घेताना नळी बाहेर ओढायची, समोरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून तिचे कुलूप बसवायचे. काम संपले की उलट फिरवून नळी कॅमेऱ्याच्या पोटात ढकलायची. फिल्मच्या कॅमेऱ्यात त्या पोटात भरपूर जागा होती आणि मागे शटरचा, रबर चढवलेल्या कापडाचा पडदा होता. नळीच्या मापाचा हिशेब मुळात त्या जागेशी जुळवलेला होता.

लायकाच्या डिजिटल एम मालिकेतील कॅमेऱ्यात माउंटच्या, म्हणजे लेन्स जिथे बसते त्या कड्याच्या, पृष्ठभागापासून सेन्सरपर्यंतचे अंतर पूर्वीइतकेच, म्हणजे २७.८० मिमी आहे, कारण तसे नसते तर जुन्या लेन्स त्यावर फोकसच झाल्या नसत्या. मात्र त्या अंतराच्या आत काय काय बसवले आहे ते बदलले आहे. सेन्सरवर संरक्षक काच आहे, तिच्यापुढे उभ्या दिशेने धावणाऱ्या धातूच्या पातळ पात्यांचे शटर आहे, आणि प्रकाश मोजण्याचे काम त्या पात्यांवरून परावर्तित होणाऱ्या उजेडावर चालत असल्याने त्यांच्या रंगाला आणि सपाटपणालाही महत्त्व आहे. कापडाच्या पडद्याला नळीचा ओझरता स्पर्श झाला, तर कदाचित एखादा ओरखडा पडून निभावले असते. धातूचे पाते वाकले तर शटर बदलावे लागते, आणि त्याचा खर्च सहजपणे लेन्सच्या किमतीच्या पुढे जातो. लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर थेट दिसणारे चित्र) चालू असेल, तर शटर उघडे असते आणि नळीच्या मागे केवळ सेन्सरची काच उरते.

लायकाने स्वतः याविषयी संदिग्धता ठेवलेली नाही. डिजिटल एम कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिले आहे की सरकत्या नळीच्या लेन्स केवळ नळी बाहेर काढलेल्या स्थितीत वापराव्यात आणि ती कधीही कॅमेऱ्यात ढकलू नये. या नियमाला त्यांनी दिलेला अपवाद नव्या माक्रो-एल्मार-एम ९० मिमीचा आहे, कारण तिची नळी आत सरकवली तरी कॅमेऱ्याच्या पोटात शिरत नाही. १९५४ ते १९६८ या काळातील सरकत्या नळीची ९० मिमी एल्मार तर लावूच नये अशा लेन्सच्या यादीत आहे. ही काळजी डिजिटल युगातच सुरू झाली, असेही नाही. १९७१ च्या लायका एम ५ मध्ये आणि १९७३ च्या लायका सीएलमध्ये प्रकाशमापकाचा एक छोटा दांडा लेन्सच्या मागे उभा राहत असे, आणि तेव्हाही नळी आत ढकलणे धोक्याचेच होते. त्या काळी नळीभोवती जाड चिकटपट्टीचा वेढा देऊन ती पूर्ण आत जाणार नाही अशी व्यवस्था करण्याचा उपाय रूढ होता. तशाच धर्तीचा उपाय मी आज करतो.

“माझ्या कॅमेऱ्यात एल्मार आत ढकलली, काही झाले नाही” असे सांगणारे अनुभवी लोक मला भेटले आहेत आणि ते खोटे बोलत आहेत असे मला वाटत नाही. परंतु त्यांचा अनुभव माझ्या लेन्सला लागू पडेलच असे मात्र नाही. ५० मिमी एल्मारची निर्मिती अनेक दशके चालली. नळीची लांबी, तिच्या मागच्या टोकाची घडण आणि नंतर झालेल्या दुरुस्त्या यांत फरक असतो. शिवाय एक गोष्ट सहज नजरेआड होते. एक मीटरवर फोकस केल्यावर लेन्स अनंताच्या, म्हणजे अगदी दूरच्या फोकसच्या, स्थितीपेक्षा साधारण पावणेतीन ते तीन मिलिमीटर पुढे आलेली असते. कुणी जवळच्या फोकसवर नळी आत ढकलून पाहिली, काही लागले नाही म्हणून निश्चिंत झाला, आणि मग सवयीने चकती अनंताकडे फिरवली, तर तेवढेच मिलिमीटर नळी मागे सरकते. म्हणून मोजायचे असेल, तर लेन्स कॅमेऱ्यावर न लावता, चकती अनंतावर ठेवून, नळी पूर्ण आत ढकलून, माउंटच्या पृष्ठभागापासून मागे किती भाग येतो ते व्हर्नियर कॅलिपरने पाहावे. माझ्या प्रतीत आलेला आकडा पाहून मी प्रयोग करण्याचा विचार सोडून दिला.

माझ्या हातून एकदा चूक झालीच. या लेन्सचे टोपण पुढून दाबून बसवायचे असते, आणि एका संध्याकाळी घाईत ते बसवताना माझ्या हाताचा पीळ उलट्या दिशेने पडला, कुलूप सुटले आणि नळी बोटाच्या दाबाने अर्धी आत गेली. सुदैवाने कसलाही स्पर्श झाला नाही. त्या रात्री मी नळीच्या उघड्या भागाभोवती, पुढची कडा आणि माउंटकडची बाजू यांमधील अंतर भरून निघेल एवढ्या रुंदीची चामड्याची पट्टी कापून घट्ट बसवली. आता कुलूप सुटले तरी नळी हलू शकत नाही. फिल्टर किंवा फिसॉन हूड (तिरपे ऊन अडवणारे लेन्सचे झाकण-कडे) काढता-घालताना हीच काळजी घ्यावी लागते, कारण तेही पुढच्या कडेवर सरकवून बसवायचे असतात आणि हाताचा पीळ थेट कुलपापर्यंत पोहोचतो. नळी आत-बाहेर न सरकवण्याचा आणखी एक फायदा असा की जुन्या पितळेचे कण आणि ग्रीसचा अंश सेन्सरकडे जाणे कमी होते.

कुलपाचा संबंध केवळ सुरक्षिततेशी नाही, तो अचूकतेशीही आहे. रेंजफाइंडरला अंतर सांगणारा भाग माउंटच्या बाजूला असतो आणि काचा नळीत असतात. नळी पूर्ण बाहेर येऊन कुलपात बसली नसेल, तर रेंजफाइंडर एक सांगतो आणि काचा दुसरेच दाखवतात. माझी लेन्स जुन्या, आट्यांनी बसणाऱ्या स्क्रू माउंटची आहे; ती एम कॅमेऱ्याच्या माउंटवर आणणारे कडे नेमके १ मिमी जाडीचे हवे, कारण स्क्रू माउंटचे अंतर २८.८० मिमी आहे. कडे जाड असेल, तर काचा आणि सांगणारा भाग दोन्ही एकत्रच पुढे सरकतात, त्यामुळे जवळचा फोकस जुळतो, मात्र दूरचे डोंगर कधीच स्पष्ट येत नाहीत. ही लक्षणे वेगवेगळी ओळखता आली, की दोष नळीचा की कड्याचा हे ठरवता येते. मी एफ/३.५ वर, म्हणजे लेन्सचे छिद्र पूर्ण उघडे ठेवून, एक मीटर आणि तीन मीटर अंतरावरील छापील कागदावर रेंजफाइंडरने फोकस करतो आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठे करून तपासतो. कडे घेताना ते व्ह्यूफाइंडरमध्ये ५० मिमीची चौकट दाखवणारेच आहे ना, हेही पाहावे.

चित्रांविषयी थोडक्यात सांगतो. एफ/३.५ वर मध्यभाग चांगला, कोपरे मऊ, आणि समोरून ऊन आले तर सगळ्या चित्रावर फिकट पडदा पसरतो. हूड लावल्याशिवाय मी बाहेर पडत नाही. जुन्या मोजपट्टीवरील ६.३ आणि ९ या छिद्रांवर ती २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरला पुरेसा तपशील देते, आणि तरीही छायेतील भाग काळाकुट्ट होत नाही. मंडईतील भाजीवाल्यांचे चेहरे, छपरातून येणारा तिरपा उजेड, ओल्या फरशीवरचे प्रतिबिंब यांसाठी मला यापेक्षा सौम्य लेन्स माहीत नाही. छिद्र बदलण्याची कळ पुढच्या काचेशेजारी इतकी बारीक आहे, की ती नखाने सरकवावी लागते आणि त्या वेळी काचेवर बोट उमटते.

विकत घेणाऱ्यांसाठी एक खूण सांगणे आवश्यक वाटते. सोव्हिएत काळातील लेन्सवर लाइट्झचे नाव कोरून ती एल्मार म्हणून विकली जाते. खऱ्या एल्मारमध्ये छिद्राची पाती पहिल्या काचेच्या लगेच मागे, पहिल्या आणि दुसऱ्या काचेच्या मध्ये असतात. सोव्हिएत इंडस्टारमध्ये ती दुसऱ्या काचेच्या मागे असतात. समोरून वाकून पाहिले तरी हा फरक दिसतो. इंडस्टार ही वाईट लेन्स नाही, परंतु एल्मारची किंमत मोजून ती घेऊ नये. आणि तिचीही नळी सरकती असेल, तर वर सांगितलेली चामड्याची पट्टी तिलाही लावावी.

जुलैपासून सप्टेंबरपर्यंत माझी लेन्स सिलिका जेलच्या हवाबंद डब्यात, नळी बाहेर काढलेल्या स्थितीत असते. कॅमेरा पिशवीत जातानाही ती बाहेरच असते, म्हणून मी आधीपेक्षा दोन बोटे खोल पिशवी घेतली आहे.